माया

इम्पोर्टच्या खिडकीत दोन चौकोन:
किमान अंतर, कमाल अंतर.
सॉफ्टवेअरने आपल्या मनानेच भरून ठेवलेले,
एकशे ऐंशी, अडीचशे.
मी 'पुढे' दाबलं.
पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये साडेचारला
सगळे खाली चहाला गेलेले असतात,
चूक करायला तेवढी शांतता पुरते.

नमुना रामनदीचा. पुलाखालचा फेस, काळा चिखल,
आणि त्यात तग धरून असलेला एक जिवाणू.
त्याच्या डीएनएचे तुकडे केले,
तुकडा न् तुकडा दोन्ही टोकांनी वाचला.
इकडून दीडशे अक्षरं, तिकडून दीडशे,
तोंडं एकमेकांकडे.
मधलं कुणी वाचलेलं नाही.
मधलं आहे, एवढंच ठाऊक,
आणि ते किती लांब असावं याचा एक अंदाज.
तोच अंदाज त्या चौकोनांना हवा होता.

सहा वाजता निकाल आला.
शंभरातल्या एक्याण्णव जोड्या तुटक्या.
दोन्ही रीड जागेवर, दोन्ही नीट बसलेले,
पण नियमात बसेनात म्हणून
यंत्राने त्यांची फारकत करून टाकली.

मग मला राग आला, आणि रागात मी
किमान शून्य केलं, कमाल दहा हजार.
सगळे जुळले. नव्व्याण्णव टक्के!
कुणीही कुणाच्याही शेजारी बसावं आणि
यंत्राने म्हणावं, छान, नांदा.
हिरव्या रेघांनी पडदा भरून गेला
आणि त्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही.

लायब्ररी किश्वरने केली होती.
ती आता बाळंतपणाला, आईकडे, भवानी पेठेत.
रजिस्टरमध्ये तिच्या हातचं पेन्सिलीतलं ३५०.
पुढे काही नाही, मागे काही नाही.
मी फोन लावला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

"किश्वर, हे साडेतीनशे टोकं धरून की टोकं सोडून?"
"थांब हं."
मशीन थांबलं. तिची आई कुण्या गिऱ्हाइकाला सांगत होती,
अंगाबरोबर शिवला तर ताई, दिवाळीला बसायचा नाही.
आत बोटभर माया सोडते.
जास्त नाही, नाहीतर झोळ येतो.
किश्वर हसली. "ऐकलंस?
माया धरून आहे ते.
मशीनवर शिखर चारशे सत्तरला होतं,
दोन्हीकडचे अ‍ॅडॅप्टर एकशेवीस वजा केले.
उतार दोन्ही बाजूंना बराच पसरट होता, लिहायचं राहिलं.
त्या दिवशी सारखं मळमळत होतं मला."

साडेतीनशेतून दीडशे, दीडशे गेले.
म्हणजे न वाचलेलं मधलं फक्त पन्नास अक्षरांचं.
मी दिवसभर त्याला केवढं मोठं समजत होते.

दोनशे. साडेपाचशे.
परत 'पुढे'. एक पारले, बाटलीतलं कोमट पाणी.
खाली वॉचमन आढाव दिवे मोजत फिरत होता.
पावणेनऊला चौऱ्याण्णव जोड्या सुखात,
सहा तुटक्या. त्या सहांतल्या बऱ्याच नुसता कचरा.
पण एके ठिकाणी चाळीसेक जोड्या
एकाच शहाणपणाने लांब बसलेल्या,
नऊशे अक्षरांवर, सगळ्या,
जणू नकाशात मध्ये एक घर दाखवलंय
आणि गल्लीत ते घर नाही.

साडेपाचशेच्या आसपास अक्षरं
या नदीतल्या जिवाणूने कधीतरी टाकून दिलीत.
कशाची होती, उद्या बघू.
घट्ट मापात ती ओरडाओरडीत हरवली असती,
सैल मापात तिला कुणी हरवलेलं म्हटलंच नसतं.

रजिस्टर उघडून मी ३५० च्या पुढे
पेनने लिहिलं: टोकं धरून.
आणखी एक शब्द लिहिला आणि खोडला,
कारण ऑडिटवाले विचारतील, हे एकक कुठलं.